कानगोष्टीचं दार

१

सकाळचा पहिला फोन एका म्हाताऱ्या श्रोत्याचा होता आणि तो चांगलाच तापलेला होता.

“ताईंच्या जागी कुणाला बसवलंय तुम्ही? मी नेहमीसारखं मोबाइलला म्हटलं, कानगोष्टी उघड. तर कुणीतरी पुरुष म्हणतो, आपल्याला कमी ऐकू येतं का? अहो, मला दिसत नाही! ऐकू खणखणीत येतं!”

फोन घेणारी बाई काही बोलायच्या आत दुसरी घंटा वाजली. मग तिसरी. सगळ्यांचं म्हणणं एकच. कानगोष्टीचं नाव घेतलं की पुस्तक वाचणारा ओळखीचा आवाज येत नव्हता. त्याऐवजी कानात घालायची यंत्रं विकणाऱ्या दुकानाची जाहिरात ऐकू येत होती.

कानगोष्टी म्हणजे वह्या-पेनांच्या दुकानावरच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत फोन आणि संगणक. आतल्या खोलीच्या भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या, म्हणजे रस्त्याचा आवाज आत येऊ नये. तिथं बसून माणसं पुस्तकं मोठ्यानं वाचायची आणि ज्यांना दिसत नाही ती माणसं घरबसल्या ऐकायची. हे सगळं एका बाईनं उभं केलं होतं. श्रोते तिला ताई म्हणत. गेल्या थंडीत ती गेली.

तिचा नवरा आयुष्यभर विमा कंपनीत होता. आग लागलेल्या गोदामांत जाऊन, आग लागली की लावली, हे बघण्याचं त्याचं काम. नोकरी सुटली तरी लोक त्याला तपासनीसच म्हणत. बायको गेल्यापासून तो कानगोष्टीच्या जिन्याची पायरी चढला नव्हता. घरातही त्याचा पाय ठरत नसे. चहा करायचा आणि ओट्यावर विसरायचा. खुर्ची ओढायची आणि न बसताच खिडकीशी जायचं.

त्याच्या मेहुणीचा फोन आला तेव्हाही तो उभाच होता. बहिणीमागं कानगोष्टीचा कारभार तीच बघत होती, तरी सगळे तिला अजून धाकटीच म्हणत.

“भाऊजी, असाल तसे निघा. आक्काचं दार कुणीतरी पळवलंय.”

२

“पुस्तकं कुठं गेली नाहीत,” धाकटी जिन्यातच सांगू लागली. “सगळी ध्वनिमुद्रणं आपल्या त्या दुरुस्तीवाल्याकडे, वायरकडे, जागच्या जागी आहेत. गेलंय ते नाव. म्हणजे घर आपलं, पण पाटी दुसऱ्याच्या दारावर.”

ते नाव इंटरनेटवर आपल्याच लिपीत नोंदवायचं म्हणून ताईनं एकेकाळी भांडण मांडलं होतं. इंग्रजीत घ्या, स्वस्त आणि सोपं, असं सगळे म्हणत. ती म्हणे, “माझ्या ऐकणाऱ्यांनी ती अक्षरं जन्मात पाहिली नाहीत. स्वतःच्या भाषेत हाक मारली की दार उघडलं पाहिजे.” शेवटी तिचंच खरं झालं.

नावं नोंदवणारी कचेरी दोन गल्ल्या सोडून होती. तिथल्या बाईनं तपासनिसाला खुर्ची दाखवली. “बसा.”

“नको. काय झालं ते सांगा.”

“चोरी नाही झालेली, साहेब. त्या यंत्रवाल्यानं रीतसर अर्ज केला की चालक वारल्या, नाव पडून आहे, मला द्या. आम्ही तुमच्या मेलवर विचारलं. पहिल्या मेलला उत्तर नाही. आठवणीचा दुसरा मेल गेला, त्यावर होय आलं. तुमच्याच कचेरीतून आलंय, ते तपासलंय मी.”

तिनं पडदा त्याच्याकडे वळवला. मेल लांबलचक इंग्रजीत होता. आपलं नाव त्याला कुठं दिसेना.

“हे बघा, हे तुमचं नाव,” तिनं बोट ठेवलं. एक्स, एन, दोन आडव्या रेघा आणि पुढं अक्षरं-आकड्यांची खिचडी.

“हे? हे कानगोष्टी?”

“आतल्या जुन्या यंत्रणेला आपली लिपी कळत नाही. तिला इंग्रजी अक्षरं आणि आकडे एवढंच ठाऊक. म्हणून आपलं नाव आत जाताना हे सोंग घेऊन जातं. लोकांना पडद्यावर कानगोष्टी दिसतं, आत हे असतं. आमचे मेल तिकडून निघतात, त्यामुळे नाव सोंगातच राहतं. तक्रारी येतात त्याबद्दल. ऐकतं कोण?”

“हे परत कसं मिळवायचं?”

“हरकत घेता येते. मुदत आज कचेरी बंद होईपर्यंत. पण ज्यानं होय दाबलं त्यानं स्वतः इथं यायला हवं. चुकून दाबलं, नाव देऊन टाकायचा मला अधिकार नव्हता, असं त्यानं सांगायचं.”

“मी सांगतो. नवरा आहे मी तिचा.”

“तुम्ही दाबलंत?”

त्यानं नकारार्थी मान हलवली.

“मग मी खोटं कसं लिहून घेऊ? आणि संध्याकाळनंतर ते नाव कायमचं यंत्रवाल्याचं. पुढं मी काय, कुणीच काही करू शकणार नाही.”

त्यानं ती खिचडी एका चिठोऱ्यावर उतरवून घेतली. जिना उतरताना हिशेब मांडला. होय आपल्याच कचेरीतून गेलं. म्हणजे तिथल्या चौघांपैकी कुणीतरी: फोन घेणारी बाई, तांत्रिक काम बघणारा वायर, पुस्तकं वाचणारा निवेदक, नाहीतर धाकटी. आणि धाकटी तर त्याची सख्खी मेहुणी.

३

“माझ्यावर संशय घ्या खुशाल,” धाकटी म्हणाली. “तुमचा धंदाच होता तो.”

“संशय नाही. विचारतोय. या संगणकावर कोण कोण बसतं?”

“कोण नाही बसत ते विचारा. पासवर्ड भिंतीवर चिकटवलाय. आक्कानंच चिकटवला. म्हणे, आपल्याकडे चोरण्यासारखं आहे काय?”

तपासनिसानं भिंतीकडे पाहिलं. बायकोचं गोल अक्षर होतं. त्यानं मान दुसरीकडे वळवली.

“नोंदणीकडून असा मेल आलेला आठवतो? थांब, वाचून दाखवतो.” त्यानं चिठोरं काढलं. “एक्स, एन, डॅश, डॅश, वन, वन, बी...” चष्मा खाली घसरला. तो सावरताना त्याला ठसका लागला.

“ई, वाय, एट, ए...” बाहेरच्या खोलीतून कुणीतरी पुटपुटलं आणि फोन वाजला. “हॅलो, कानगोष्टी. हो आजोबा, कळलंय आम्हाला. नाही हो, तुमचे कान उत्तम आहेत.”

“अशा कचऱ्यात रोज निम्मी सकाळ जाते माझी,” धाकटी म्हणाली. “असला एक आला होता मागं. एक्स एन म्हणजे व्हायरस, असं मला वाटलं. दिला फेकून.”

“वाचला नाहीस?”

“इंग्रजीत, त्यात असली अक्षरं. मी कशाला वाचू? आक्का असती तर तिनं वाचला असता.” तिनं पदरानं नाक पुसलं. “पण भाऊजी, मी फेकला. होय-बिय काही दाबलं नाही. आणि दुसरा तर मला दिसलाच नाही.”

बाहेर फोन घेणाऱ्या बाईला सगळे हॅलो म्हणत, कारण दिवसभर तिच्या तोंडी तेच. तिला जन्मापासून दिसत नव्हतं. तिच्या संगणकाला बोलायची सोय होती. पडद्यावरचं सगळं यंत्र तिला वाचून दाखवी, तेही इतक्या वेगानं की डोळसांना ते पत्र्यावर पडणाऱ्या दाण्यांसारखं वाटे.

“हॅलोताई, तुम्ही काही ऐकलंत?” तपासनिसानं विचारलं.

“सकाळपासून शिव्याच ऐकतेय, साहेब.” तिनं हसायचा प्रयत्न केला. पण बोटांनी ती फोनची वायर वळत होती, सोडत होती, पुन्हा वळत होती. “बसा ना.”

“नको. तो आपला वायर कुठं भेटेल?”

“त्याला नका विचारू,” धाकटी आतून ओरडली. “त्यालाच तर ते नाव नको होतं!”

४

वायर हा चाळिशीचा, काठीसारखा माणूस. कानगोष्टीचं तांत्रिक काम तो बघायचा आणि धाकटीशी त्याचं पटत नसे. त्याच्या दुरुस्तीच्या दुकानात पंखे, रेडिओ, संगणक सगळे पोटं उघडी टाकून पडले होते.

तपासनिसानं चिठोरं पुढं केलं. वायरनं पाहिलं मात्र, लगेच म्हणाला, “हे तर कानगोष्टी.”

“न वाचता ओळखलंस?”

“मीच नोंदवलंय ते, साहेब. पाहिल्याबरोबर कळतं मला.”

“म्हणजे मेल वाचून कळला असता असा तूच एकटा.”

“अस्सं आहे होय!” वायरनं हातातला पेचकस खाली ठेवला. “धाकट्या बाईंनी भरवलं वाटतं. हो, मला इंग्रजी नाव हवं होतं. आपल्या लिपीतलं नाव कधी मेलमध्ये अडतं, कधी फॉर्ममध्ये अडतं. बँकेचा फॉर्म तर ते घेतच नाही. किती वेळा रात्रीचा दिवस केला त्यापायी. पण ताईंसमोर हरलो मी. आणि हरलो ते बरं झालं. एक आजी मला म्हणाल्या, बाबा, एवढं एकच दार आहे जे माझ्या बोलण्यानं उघडतं.”

“मग गुपचूप काय करत होतास? धाकटी म्हणते, तू महिनाभर सगळ्या पुस्तकांच्या नकला काढतोयस.”

वायर ओशाळला. “इंग्रजी नावानं एक मागचं दार करून ठेवतोय. पुढचं बंद पडलंच तर असावं म्हणून. सांगितलं असतं तर बाईंनी मला उभा सोलला असता.” मग तो सरळ डोळ्यांत बघून म्हणाला, “साहेब, मला मेल दिसला असता तर अख्खा कळला असता. अख्खा कळल्यावर मी होय दाबेन?”

तपासनीस रस्त्यावर आला. सावल्या लांबू लागल्या होत्या. आगीच्या तपासात त्याची एक सवय होती. कोण खोटं बोलतंय यापेक्षा कोण काय लपवतंय ते आधी बघायचं. धाकटीनं फेकलेला मेल लपवला नाही. वायरनं मागचं दार लपवलं, पण विचारल्यावर सांगून मोकळा झाला. राहिला निवेदक.

पण आधी अर्ज करणाऱ्यालाच विचारावं म्हणून तपासनीस यंत्रवाल्याच्या दुकानाकडे वळला. काचेच्या दारातून आत पाहिलं आणि थबकला. आत खुर्चीवर निवेदक बसला होता आणि यंत्रवाला त्याच्या कानाशी वाकला होता.

५

निवेदक म्हणजे रेडिओवर उभी हयात घालवलेला भारदस्त गळ्याचा माणूस. ताईच्या बरोबरीनं तो पुस्तकं वाची. श्रोते त्याचं कौतुक करत, पण मागत ताईलाच. हे त्याला डाचत असे आणि तो ते चारचौघांत बोलूनही दाखवी.

तपासनीस आत शिरला तसा तो खुर्चीतून ताडकन उठला.

“सौदा चाललाय?” तपासनिसानं विचारलं.

“काय?”

“सौदा! कानगोष्टीचा!”

“हळू बोला!” निवेदक म्हणाला आणि पुन्हा खुर्चीत बसला. त्याच्या उजव्या कानात इवलंसं यंत्र होतं.

“दोन वर्षं झाली,” तो म्हणाला. हा नेहमीचा भारदस्त आवाज नव्हता. “आधी डावा, आता उजवा. आवाजावर जगलेला माणूस मी. कुणाला सांगू?”

“आणि ताई गेल्या, नाव पडून आहे, हे याला कुणी सांगितलं?”

निवेदकानं मान खाली घातली. यंत्रवाल्यानंच तोंड उघडलं. “हेच बोलले बसल्या बसल्या. ताई गेल्या, आता कानगोष्टीला कोण विचारतं, म्हणून. मला वाटलं, बंद पडलं असेल. नाव चांगलं आहे, माझ्या धंद्याला शोभतं. अर्ज केला. तुमच्याकडूनच होय आलं की हो! मी कुणाच्या घरात शिरलो नाही.”

“आता तर कळलं ना, बंद नाही ते? सोडा नाव.”

“पाट्या रंगवून झाल्यात, साहेब. नोंदणीनं चूक ठरवली तर एका शब्दानं भांडणार नाही. पण आपणहून नाही सोडणार.”

तपासनीस निवेदकाकडे वळला. “होय तुम्ही दाबलंत?”

“मला संगणकाचं एकच बटण माहीत आहे, ध्वनिमुद्रणाचं. तेही ताईंनी लाल रंग लावून दिलाय म्हणून. रागवायचं तर रागवा, त्यांचा हेवा केला मी. पण त्या गेल्या त्या दिवसापासून आतल्या खोलीत मी वाचायला बसलो की सुरुवात जमत नाही. त्या म्हणायच्या ना, ‘बसलात का? मग सुरू करते.’ तेवढं ऐकायला म्हणून मी रोज घरी त्यांचं पुस्तक लावतो. आज सकाळी यांची जाहिरात लागली.”

यंत्रवाला दुसरीकडे बघू लागला.

तपासनीस बाहेर पडला. खिशातलं चिठोरं काढून चालता चालता पुन्हा वाचू लागला. एक्स, एन, डॅश, डॅश, वन, वन, बी...

पुढं ई, वाय, एट, ए.

तो रस्त्याच्या मधोमध थांबला. मागून सायकलवाला शिवी हासडून गेला. हे पुढचं कुणीतरी म्हटलं होतं. चिठोरं त्याच्या हातात होतं, तो स्वतः खोकत होता, आणि म्हणणारीला दिसत नव्हतं.

६

त्यानं सगळ्यांना बाहेरच्या खोलीत बोलावलं. निवेदक कानातलं यंत्र न काढताच आला. धाकटीनं ते पाहिलं आणि पहिल्यांदाच त्याला खुर्ची दिली. वायर दाराशी उभा राहिला. हॅलो आपल्या जागेवर होती. फोन तिनं उचलून बाजूला ठेवला होता.

“कचेरी बंद व्हायला फार वेळ नाही,” तपासनीस येरझाऱ्या घालत म्हणाला. “म्हणून सरळ बोलतो. मेल दोनदा आला. त्यात आपलं नाव सोंग घेऊन होतं. आता बघा. ज्याला ते नाव कळलंच नाही, तो काय करेल?”

“फेकून देईल,” धाकटी म्हणाली. “मी दिला तसा.”

“आणि ज्याला नावही कळलं, मजकूरही कळला?”

“तो ‘नाही’ दाबेल,” वायर म्हणाला. “होय कशाला?”

“बरोबर. म्हणजे न कळणारा होय दाबत नाही आणि सगळं कळणाराही दाबत नाही. कुणाला वैरच साधायचं असतं तर गोष्ट वेगळी. निवेदकांवर मी दुपारभर तेच धरून होतो. पण त्यांना संगणक उघडताच येत नाही. मग दाबणारा कसा हवा? ज्याला नाव ओळखू आलं, आपलंच आहे म्हणून विश्वास वाटला, पण मजकूर डोक्यात शिरला नाही असा.”

“असं कोण आहे?” धाकटी म्हणाली. “मला तर ती अक्षरं बघून गरगरायला होतं.”

“बघून. तू बघतेस, म्हणून तुझी नजर त्यावरून घसरते. सगळ्या डोळसांची घसरते. पण ज्याला बघायचं नाही, ऐकायचं आहे, त्याला घसरता येत नाही. यंत्र एकेक अक्षर म्हणतं, ते ऐकावंच लागतं. दरवर्षी ऐकलं की पाठ होतं.” तो थांबला. त्याचा आवाज खाली आला. “हॅलोताई, ई वाय एट ए. तुम्ही म्हणालात सकाळी.”

हॅलोच्या बोटांतली फोनची वायर सुटली.

“ताईंनी शिकवलं होतं,” हॅलो म्हणाली. तिचे हात मांडीवर घट्ट होते. “दरवर्षी नोंदणीचा मेल यायचा, नाव चालू ठेवायचं का म्हणून. त्या आजारी पडल्या तेव्हा मला म्हणाल्या, ही एक्स एनची रडकथा ऐकू आली की समज, हे आपलंच नाव. बाकीची सगळी वकिली बडबड असते, दरवर्षी तीच. उडी मारून खाली जायचं आणि होय दाबायचं. विसरू नकोस हां, नाहीतर नाव जाईल.” तिनं हात सोडले. “नाव जाऊ नये म्हणून दाबलं हो मी. सकाळी त्या आजोबांचा फोन आला तेव्हा कळलं, मी काय करून बसले.”

“मग सकाळीच का नाही बोललीस, बाई?” धाकटी ओरडली. “अख्खा दिवस भाऊजी वणवण हिंडले!”

“काय बोलू? याआधी चार ठिकाणी मला खुर्ची मिळाली नाही. सगळीकडे एकच, तुम्हाला संगणक कसा झेपणार? इथं मिळाली. आता सगळे म्हणणार, बघा, आंधळीच्या हातात दिला, दुसरं काय होणार? माझ्यामागून जी येईल तिलाही कुणी बसू देणार नाही.” ती तपासनिसाच्या आवाजाच्या दिशेनं वळली. “मी म्हटलं, तुम्हाला दुसरा कुणीतरी सापडेल. देवाशपथ, दिवसभर मी हेच मागत होते. लाज वाटते सांगायला.”

धाकटी पुढं झाली आणि हॅलोचा खांदा धरून तिनं गदागदा हलवला.

“ए शहाणे! मला दोन्ही डोळे आहेत. तोच मेल मी न वाचता कचऱ्यात टाकला. पहिला मी फेकला नसता तर दुसरा आलाच नसता. कोण काय म्हणतंय ते मी बघते. आधी ऊठ!”

“नोंदणीत सगळ्यांसमोर सांगावं लागेल,” तपासनीस म्हणाला. “मी ओढून नेणार नाही. तुम्हीच ठरवा.”

हॅलोनं फोन चाचपून जागेवर ठेवला. “चपला कुठं आहेत माझ्या?” ती म्हणाली.

७

नोंदणीची बाई पर्स खांद्याला अडकवून उभी होती. शटर अर्धं खाली आलं होतं. धाकटीनं सरळ शटरखालून डोकं आत घातलं. “बाई, अजून बंद झालेलं नाही हं!”

हॅलोनं काउंटरची कड धरली आणि झालं ते सगळं सांगितलं. काही गाळलं नाही.

नोंदणीची बाई साशंक झाली. “रागावू नका, पण हे तुम्हाला कुणी पढवलेलंही असू शकतं. इतक्या वर्षांत कुणी ग्राहक ते सोंग ओळखतो, असं मी पाहिलं नाही. आम्ही इथले लोकसुद्धा ओळखत नाही.”

“लिहून घ्या,” हॅलो म्हणाली.

आणि ती म्हणू लागली. एक्स एन डॅश डॅश वन वन बी ई वाय एट ए, आणि पुढं न थांबता शेवटपर्यंत. तिच्या यंत्राचा असतो तोच वेग, तोच सपाट सूर. नोंदणीची बाई टाइप करता करता मागं पडली. “हळू, हळू! पुन्हा सांगा.” हॅलोनं लहान मुलाला पाढा सांगावा तसं सावकाश पुन्हा सांगितलं.

बाईनं शेवटचं अक्षर दाबलं. पडद्यावरची खिचडी क्षणभर तशीच राहिली आणि मग तिच्या जागी आपल्या लिपीत उमटलं. कानगोष्टी.

“आलं?” हॅलोनं विचारलं.

“आलं,” तपासनीस म्हणाला. त्याला पुढचं दिसेना.

बाईनं पर्स खाली ठेवली. “हरकत घेतली. यंत्रवाल्याला मी कळवते. सकाळपर्यंत नाव तुमच्या जागी लागेल.” मग जरा घुटमळून म्हणाली, “आणि आमच्या मेलमध्ये नाव आपल्या लिपीत यावं म्हणून तक्रार करायची असेल तर याच काउंटरवर करतात. करा. एकदा कुणीतरी नीट तक्रार केल्याशिवाय वरचे हलत नाहीत.”

“मी करते,” हॅलो म्हणाली. “माझ्या नावानं. मी काय केलं तेही लिहा त्यात.”

सकाळी धाकटीचा फोन आला. “भाऊजी, दार उघडलं. ऐका तरी एकदा. इतके महिने झाले, तुम्ही एकदाही लावलं नाहीत. माहीत आहे मला.”

“बघतो,” तो म्हणाला आणि फोन ठेवला.

चहा ओट्यावर निवत होता. तो खिडकीशी गेला, परत आला, पुन्हा गेला. श्रोत्यांसाठी तिनं शेकड्यानं पुस्तकं वाचली होती आणि त्यानं त्यातलं एक पानही ऐकलं नव्हतं. घरातच तर आहे, असं त्याला वाटे. आणि नंतर धीर झाला नव्हता.

शेवटी त्यानं मोबाइल तोंडाजवळ धरला. घसा खाकरून त्यानं म्हटलं.

“कानगोष्टी.”

थोडी खरखर झाली. आतल्या खोलीत गादीवर हात आपटावा तसा बारीक आवाज आला. मग ती अगदी जवळून म्हणाली, “बसलात का?”

तपासनिसानं खुर्ची ओढली आणि तो बसला.

“मग सुरू करते,” ती म्हणाली.